गादी, शाळा आणि सरपंचपदाचा दाखला

२७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घेतलेला मुलगा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या, शेतीवर जगणाऱ्या गायकवाडांचा हा गोपाळ, म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तकासाठी बोलावलेल्या तीन मुलांतून त्याची निवड झाली. इथे कशाला आलास, असे विचारल्यावर ‘राज्य करायला’ असे उत्तर त्याने दिले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा मागाहून रचलेली, त्या घटकेला राज्य करण्यासाठी त्या पोराजवळ या उत्तरापलीकडे काहीही नव्हते, एवढे तिच्यातून नेमके कळते.

त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. जाणत्या माणसांची भाषणे ऐकून लोक जाणते होतील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. बडोद्यात तोच प्रयोग एकाच श्रोत्यावर झाला.

गादी रिकामी का झाली होती, हेही पाहायला हवे. आधीचे महाराज मल्हारराव यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घातल्याचा आरोप आला. चौकशीसाठी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचा आयोग बसला आणि त्यांची मते दुभंगली. तरीही सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले; कारण दिले ते राज्य चालवण्याच्या नालायकीचे. साहजिकच पुढचा राजा ‘लायक’ घडवणे ही सरकारची गरज झाली. त्यासाठी दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले. हे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, मग तिथले आणि नंतर इंदूरचे दिवाण. रोजच्या शिकवणीसाठी एलियट नावाचे इंग्रज अधिकारी नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांची अक्षरे त्या मुलाला ओळीने गिरवावी लागली.

अल्पवयीन राजाला अधिकार देण्यापूर्वी माधवरावांनी त्याच्यासमोर कारभारावर व्याख्याने दिली. ती १८८१ साली ‘मायनर हिंट्स’ या नावाने खासगी वापरापुरती छापली गेली. राजवाड्याचा खर्च किती असावा, न्यायखात्यात हात का घालू नये, इंग्रज सरकारशी वागताना कुठे ताणावे आणि कुठे सैल सोडावे, असे त्यातले विषय. राजनीतीवरची पुस्तके सहसा मोठ्या तत्त्वांनी सुरू होतात. माधवरावांचा भर मात्र उद्या सकाळी समोर येणाऱ्या कागदावर आहे. हे शिक्षण निर्हेतुक नव्हते. सरकारला हवा होता तो सालस, हिशेबी, आज्ञाधारक मांडलिक. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. पुढे डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर त्यांनी केलेला मुजरा पुरेसा नम्र नव्हता म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांनी गहजब केला. अक्षर शिकवणाऱ्याला शिष्य पुढे काय वाचेल हे ठरवता येत नाही, याचा अनुभव सरकारला तीस वर्षांनी असा आला.

सयाजीरावांच्या वाचनाचा पसारा मोठा होता. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास वाचताना काढलेल्या टिपणांचे त्यांनी स्वतंत्र पुस्तकच केले. पण वाचन आणि सत्ता या प्रस्तुत व्याख्यानाच्या विषयाला त्याहून जवळचे आहे ते त्यांचे दुसरे, कमी दिमाखाचे पुस्तक. १८९९-१९००च्या, ‘छप्पनिया’ म्हणून गुजरातेत आठवल्या जाणाऱ्या दुष्काळात त्यांनी राज्यात दौरा केला. काय पाहिले, काय करायला हवे होते, याची टिपणे १९०१ साली छापून प्रसिद्ध केली. दुष्काळात आपल्या राज्यात काय घडले हे राजाने स्वतःच्या नावाने छापावे, ही त्या काळात रुळलेली रीत नव्हती. गिबन वाचलेले राजे त्या काळी आणखीही सापडतील. तलाठ्याच्या कागदात न उतरलेला दुष्काळ डोळ्यांनी वाचायला निघालेले फार सापडणार नाहीत.

वाचनाचे खरे काम मात्र सयाजीरावांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून पाहिले. १९०६ साली ते सगळ्या राज्याला लावले. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होई, आणि शेतीच्या दिवसांत तो दंड गरिबाला जाचत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्या हाती दाखवायला बडोदे होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाला अजून शिक्षण झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांत इंग्रज अधिकारी होते, तसे हिंदी जमीनदारही होते.

शाळेतून बाहेर पडलेला मुलगा चार वर्षांत अक्षर विसरतो, हेही बडोद्यात लवकर ध्यानात आले. म्हणून अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले गेले. १९१० ते १९१३ या काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पोचणारी रचना उभी केली. राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह महाराजांनी त्यासाठी खुला केला, आणि लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये गावोगाव जाऊ लागली.

ही हकिगत इथे संपवली असती तर ती वाचनाच्या महतीची गोड कथा झाली असती. पण बडोद्याच्या पैशावर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला एक विद्यार्थी आहे. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानात चाकरी करण्याचा करार, एवढ्यावर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. १९१७ साली ते कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले. कचेरीतले शिपाई फायली लांबून त्यांच्या टेबलावर फेकत. राहायला जागा नव्हती. पारशी वसतिगृहात नाव बदलून काढलेले दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. महाराजांच्या कानावर गोष्ट गेली होती, दिवाणांनी असमर्थता दाखवली होती. देशातला बहुधा सर्वांत वाचनप्रिय राजा, त्याचे सर्वांत शिकलेले नोकरदार आणि त्यांच्या मध्ये एक शिपाई. राज्य कोणाच्या वाचनाने चालते, या प्रश्नाचे त्या दिवसाचे उत्तर बडोद्याच्या कचेरीतल्या कोणालाही विचारता आले असते.

आंबेडकरांचे पुढचे आयुष्य वाचनाचे होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ बांधले गेले तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. म्हणूनच मताधिकाराबद्दल त्यांनी काय लिहिले, त्याला वजन आहे. सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी मुंबई इलाख्यात नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. इतर सदस्यांशी मतभेद झाल्याने १७ मे १९२९ रोजी त्यांनी वेगळा अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी केली. साक्षर नसलेल्याला मत कसे द्यायचे, या आक्षेपाचा समाचार त्यांनी तिथे घेतला आहे. त्यांचा मुद्दा असा: अक्षर न येणारा बुद्धीने कमी, हे गृहीतक चूक, अक्षर आले की समज आपोआप वाढते, हे दुसरे गृहीतकही चूक. शिवाय ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याला शाळेबाहेर ठेवले, त्यांनीच त्याच्या निरक्षरतेचे कारण सांगून त्याला सत्तेबाहेर ठेवायचे, हा कुठला न्याय?

पुस्तकांवर इतका जीव असलेल्या माणसाने पुस्तकाला दारावरचा पहारेकरी होऊ दिले नाही. वाचन आणि सत्ता यांबद्दल मराठीत जे काही बोलले गेले, त्यात प्रस्तुत व्याख्यात्याला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते.

घटना समितीत हा वाद पुन्हा निघाला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, राज्यघटना स्वीकारण्याच्या दिवशी, अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी खंत बोलून दाखवली: कायदा राबवणाऱ्यांना भरपूर पात्रता लागते, कायदा करणाऱ्यांना मात्र निवडून येण्यापलीकडे काही लागत नाही. त्या खंतीत खोट नव्हती. पण १९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के भरली होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने मतपेट्यांवर बैलजोडी, झोपडी अशी चित्रे लावली आणि बाकीच्या ब्याऐंशी टक्क्यांना आपले राज्यकर्ते निवडायला लावले. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालायचे तर राज्यघटनेचा एखादा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे. परिच्छेद कोणता आणि अर्थ बरोबर की चूक, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवी. मिसिसिपीने १८९० साली घातलेली ही अट १९६५च्या मताधिकार कायद्याने मोडली. वाचनाची परीक्षा कोण घेतो, हे कळल्याशिवाय ती परीक्षा कशाची आहे हे कळत नाही.

भारताने हा धडा १९५२ साली घेतला आणि २०१५ साली बाजूला ठेवला. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घातली. हरियाणाने २०१५ साली कायदा केला: खुल्या गटातल्या पुरुष उमेदवाराला दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या पुरुषांना आठवी, अनुसूचित जातीच्या स्त्रीला पंचपदासाठी पाचवी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० डिसेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती सप्रे यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. बरे-वाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणातूनच येते, असा त्यातला युक्तिवाद. या अटीमुळे अनुसूचित जातीच्या सुमारे ६८ टक्के स्त्रिया आणि ४१ टक्के पुरुष अपात्र ठरतात, असे विरोध करणाऱ्यांनी न्यायालयापुढे मांडले होते.

ज्या विधानसभेने हा कायदा केला, तिच्या सदस्याला मात्र आजही शाळेचा एकही दाखला लागत नाही. खासदारालाही नाही. गावची विहीर आणि रस्ता पाहणाऱ्याला दहावी हवी, आणि त्या रस्त्याला पैसे द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्याला अंगठा चालतो! राजस्थानने २०१९ साली ही अट काढून टाकली. महाराष्ट्राने २०१७ साली थेट सरपंच निवडीच्या वेळी सातवीची अट आणली, पण १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरती. म्हणजे शाळा दाराशी आल्यानंतर जे वाढले, त्यांनाच. हरियाणाच्या तुलनेत ही अट निदान लाजते तरी.

आता हरियाणाची मोजपट्टी मागे नेऊन पाहावी. शाळा लहानपणीच सुटलेले के. कामराज पंचपदासाठीही उभे राहू शकले नसते. १९५४ ते १९६३ या काळात मद्रासचे मुख्यमंत्री म्हणून त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या आणि शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण जेमतेम. त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, चार वेळा मुख्यमंत्रिपद सांभाळले, आणि महाराष्ट्रात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले तेही त्यांनीच. त्या निर्णयाचे बरे-वाईट आज कोणीही मांडावे. तो घेणाऱ्याला कारभार कळत नव्हता, असे म्हणायची सोय मात्र नाही. फार मागे जायचे तर हुमायून दिल्लीत आपल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून १५५६ साली गेला आणि त्याच्या अक्षरशत्रू मुलाने, अकबराने, एकोणपन्नास वर्षे राज्य केले. अकबराला रोज पुस्तके वाचून दाखवली जात, आणि वाचक जिथे थांबे तिथे तो स्वतः खूण करून ठेवी, असे अबुल फजल सांगतो. निरक्षर होता, पण ऐकल्याखेरीज दिवस घालवत नव्हता.

उलट दिशेची उदाहरणे अधिक अस्वस्थ करतात. स्टालिनच्या संग्रहात हजारो पुस्तके होती आणि समासात रंगीत पेन्सिलींनी केलेले शेरे. हिटलरने वाचनाची आपली रीत लिहूनच ठेवली आहे: मनात आधीच तयार असलेल्या चित्रात जो तुकडा बसेल तो उचलायचा, बाकी सोडून द्यायचे. माओ तरुणपणी पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक होता, आणि म्हातारपणी त्याचा अर्धा पलंग पुस्तकांनी भरलेला असे. जुलै १९५९ मध्ये लूशान इथल्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी माओच्या ‘मोठी झेप’ या मोहिमेतल्या चुकांबद्दल त्याला एक खासगी पत्र लिहिले. माओने ते वाचले, छापून सगळ्यांना वाटले, आणि लिहिणाऱ्याला पदावरून काढले. त्या झेपेने ओढवलेल्या दुष्काळातल्या बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. चीनचे इतिहासग्रंथ पुन्हा पुन्हा वाचलेल्या माणसाला आपल्याच मंत्र्याचे एक पत्र पचले नाही.

त्याच १९५९च्या ऑगस्टअखेर दिल्लीत लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. वाद संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याशी होता. हे मेनन म्हणजे लंडनमध्ये १९३७ साली ‘पेलिकन’ या स्वस्त, गंभीर पुस्तकमालेचे सुरुवातीचे संपादक. सिगारेटच्या पाकिटाइतक्या किमतीत लाखो इंग्रज कामगारांच्या हाती अर्थशास्त्र आणि विज्ञान देण्याच्या कामात त्यांचा वाटा. माओशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल; पण सेनापतींचे कटू बोल ऐकून घेण्यात तेही तोकडे पडले. १९६२ साली चीनने जे दाखवले त्यानंतर त्यांना जावे लागले, आणि त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावणे आले.

यशवंतराव वाचक होते. कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकातला त्यांचा संग्रह कोणीही जाऊन पाहू शकतो. महाराष्ट्रात त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ उभे केले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना त्याचे अध्यक्ष केले. सभासंमेलनांत याच गोष्टी फार सांगितल्या जातात. संरक्षण खात्यात मात्र त्यांच्या उपयोगी पडली ती दुसरी सवय. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर रोज सकाळी बैठक घ्यायची, आणि सेनापतीला काय म्हणायचे आहे ते त्याच्याच तोंडून ऐकायचे. कादंबऱ्या आणि कविता वाचल्यामुळे ही सवय लागली का? सिद्ध करता येणार नाही. मेननही काही कमी वाचत नव्हते.

म्हणून पात्रतेचा प्रश्न दाखल्याकडून आणि कपाटाकडून काढून घेऊन कामाकडे न्यायला हवा. निवडून आलेल्याने त्याच्यासमोर आलेला कागद वाचावा, न आवडणारा कागद आधी वाचावा, आणि वाचून मत बदलले तर ते बदलता यावे. तिसरी गोष्ट आपल्याकडे कायद्यानेच अवघड केली आहे. १९८५च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. कारणे खरी होती. आमदारांची खरेदी-विक्री उघड चालली होती. पण तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. ऐंशी पानी विधेयक रात्रभर बसून वाचणारा आमदार आणि मुखपृष्ठही न पाहिलेला आमदार सकाळी एकच बटण दाबणार असतील, तर रात्र जागायची कशाला?

जिथे पक्षादेश लागू नसतो, अशी एक जागा उरते: समिती. तिथे विधेयक कलमवार वाचले जाते, साक्षीला सचिव आणि तज्ज्ञ येतात, आणि वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य बंद दाराआड एकमेकांना पटवूही शकतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. सप्टेंबर २०२०चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाता मंजूर झाले आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करणारे विधेयकही चर्चेविनाच मंजूर झाले. आणले तेव्हा वाचले गेले नाहीत, मागे घेतले तेव्हाही नाहीत.

महाराष्ट्रात विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा नागरिकांकडून आणि संघटनांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. इतक्या लोकांनी एका कायद्याचा मसुदा मिळवून वाचला, किंवा दुसऱ्याकडून वाचून घेतला. काही बदलांसह १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते मंजूर केले. त्या बारा हजारांपैकी किती सूचना मत देणाऱ्या सदस्यांच्या नजरेखालून गेल्या, हे विधेयक मंजूर झाल्यावरून कळत नाही.